चिन्हमीमांसा

चिन्हांतून अर्थ कसा घडतो, याचा अभ्यास म्हणजे चिन्हमीमांसा. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) यांच्या मते चिन्हक (शब्दासारखे रूप) आणि चिन्हित (त्यातून कळणारी कल्पना) यांतील नाते निसर्गाने नव्हे, तर समाजाच्या संकेताने ठरते. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले: साम्यावर आधारलेली प्रतिमा, उदाहरणार्थ छायाचित्र, प्रत्यक्ष संबंध दाखवणारी खूण, जसा आगीचा धूर, आणि संकेताने ठरलेले प्रतीक. फ्रेंच समीक्षक रोलां बार्त यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात फ्रान्समधील कुस्ती, वाइन, जाहिराती यांचे चिन्हे म्हणून वाचन केले.

विधींतही अर्थ संदर्भावरून ठरतो. कुंकू लावलेले तांदूळ म्हणजे अक्षता. त्या आमंत्रणासोबत दिल्या की बोलावणे, मंगलाष्टकांच्या वेळी वधूवरांवर टाकल्या की आशीर्वाद आणि उत्तरपूजेत गणेशमूर्तीवर वाहिल्या की देवाला निरोप. दाणे तेच असतात. प्रसंग, हात आणि क्रम बदलला की अर्थ बदलतो.