स्थानिक खर्च आणि नागरिकांचे मत : मेट्रो व्हँकुवरमधील २०१५ च्या मतकौलाच्या संदर्भात

प्रस्तावना

स्थानिक शासनाचा खर्च हा नागरिकाच्या दैनंदिन अनुभवाचा विषय होय. संरक्षण खर्चाविषयी मत बनविताना त्यास वृत्तपत्रांवर विसंबून राहावे लागते. बस वेळेवर आली की नाही, हे मात्र तो थांब्यावर उभा राहून स्वतः पाहतो. त्यामुळे स्थानिक खर्चाबाबतचे लोकमत अधिक नेमके असेल, अशी अपेक्षा स्वाभाविकपणे बाळगली जाते. कॅनडातील अनुभव या अपेक्षेस पूर्णतः दुजोरा देत नाही. तेथे नागरिकांना कराविषयी प्रश्न विचारला गेला असता त्यांनी कर मागणाऱ्या संस्थेविषयी उत्तर दिल्याचे दिसते. हे अज्ञानामुळे घडले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रस्तुत लेखात मेट्रो व्हँकुवर प्रदेशातील २०१५ च्या मतकौलाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

नगरशासनाचे घटनात्मक स्थान

कॅनडाच्या १८६७ च्या घटना कायद्यातील कलम ९२(८) नुसार नगरसंस्था हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय आहे. नगरांना स्वतंत्र घटनात्मक दर्जा नाही. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी संस्थांना निदान कागदोपत्री जे स्थान मिळाले, तेवढेही तेथे नाही. याचे परिणाम केवळ तात्त्विक नव्हेत. १९९७ मध्ये टोरोंटो परिसरातील सहा नगरांच्या एकत्रीकरणास तेथील मतकौलात तीन चतुर्थांश मतदारांनी विरोध दर्शविला. तरीही १ जानेवारी १९९८ रोजी ऑन्टारिओ प्रांताने ते एकत्रीकरण अमलात आणले. २०१८ मध्ये निवडणुकीची रणधुमाळी सुरू असतानाच प्रांताने टोरोंटो परिषदेचे प्रस्तावित ४७ प्रभाग २५ वर आणले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा वैध ठरविला.

आर्थिक बाजूही अशीच आखडलेली आहे. नगरांचा मुख्य आधार मालमत्ता कर होय. दैनंदिन खर्चासाठी तुटीचा अर्थसंकल्प मांडण्यास प्रांतिक कायदे सामान्यतः मुभा देत नाहीत. परिणामी उत्पन्न अपुरे पडले की कर वाढविणे वा सेवा कमी करणे एवढेच पर्याय हाती उरतात, आणि दोन्हींचा रोष नगरसभागृहावरच येतो.

मतकौलाची पार्श्वभूमी

मेट्रो व्हँकुवर प्रदेशातील बस, स्कायट्रेन व प्रमुख रस्त्यांचा कारभार ट्रान्सलिंक ही प्रादेशिक संस्था पाहते. तिच्या संचालक मंडळावर पूर्वी निर्वाचित स्थानिक प्रतिनिधी असत. २००७ च्या प्रांतिक कायद्याने ही रचना बदलली व मंडळाचा कारभार नियुक्त तज्ज्ञांकडे गेला. महापौरांची परिषद त्याच कायद्याने अस्तित्वात आली, परंतु दैनंदिन नियंत्रण तिच्या हाती नव्हते. नागरिकाने कर द्यावा, सेवा वापरावी, पण ती चालविणाऱ्यांना मतपेटीतून जाब विचारता येऊ नये, अशी ही स्थिती होती.

२०१३ च्या प्रांतिक निवडणुकीत ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्यमंत्री ख्रिस्टी क्लार्क यांनी वाहतुकीसाठी नवा निधी उभारावयाचा झाल्यास जनतेचा कौल घेण्याचे आश्वासन दिले. महापौर परिषदेने सुमारे ७.५ अब्ज डॉलरची दहा वर्षांची योजना तयार केली. ब्रॉडवेखालील भुयारी मार्ग, सरे येथील हलकी रेल्वे, पट्टुलो पुलाची पुनर्बांधणी आणि बससेवेत वाढ हे तिचे प्रमुख घटक होते. तिच्या पूर्ततेसाठी प्रांतिक विक्रीकरावर ०.५ टक्के अधिभार सुचविण्यात आला. एका कुटुंबावर वर्षास सरासरी १२५ डॉलरचा भार पडेल, असा महापौरांचा अंदाज होता. प्रांतात नवे महामार्ग वा पूल बांधताना मात्र असा कौल घेण्याची प्रथा नव्हती, ही विसंगती त्या वेळीही अनेकांच्या नजरेस आली होती.

प्रचार व निकाल

प्रारंभीच्या जनमत चाचण्यांत होकाराला आघाडी होती. मतदान टपालाने १६ मार्च ते २९ मे २०१५ या काळात झाले. प्रचाराच्या ओघात भुयारी मार्गाचा विषय मागे पडला आणि ट्रान्सलिंकचा कारभार ऐरणीवर आला. त्यास कारणेही होती. जुलै २०१४ मध्ये एकाच आठवड्यात स्कायट्रेन दोनदा तासन्‌तास बंद पडली होती. कॉम्पास या तिकीटपत्राची व्यवस्था वारंवार लांबणीवर पडत होती. स्थानकांवर बसविलेली महागडी प्रवेशद्वारे उघडीच राहिली होती. भरीस भर म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये मुख्य अधिकाऱ्यास बाजूला करून हंगामी अधिकारी नेमण्यात आला, पण पहिल्याचे वेतन चालूच राहिले. एका पदासाठी दोन वेतने, ही बाब समजण्यास कोणत्याही अर्थशास्त्राची गरज नव्हती. कॅनेडियन टॅक्सपेअर्स फेडरेशनने विरोधी प्रचारात नेमका याच गोष्टींवर भर दिला.

महापौरांनी उत्तरादाखल नव्या कराच्या विनियोगावर देखरेख ठेवण्यासाठी उद्योगपती जिम पॅटिसन यांचे नाव पुढे केले. या उपायातच अडचणीची कबुली होती. सार्वजनिक संस्थेस आपला विश्वास एका खाजगी उद्योजकाकडून उसना घ्यावा लागत होता. शिवाय बर्नाबीचे महापौर डेरेक कॉरिगन यांनी योजनेस उघड विरोध केल्याने परिषदेचे ऐक्यही पूर्ण नव्हते.

२ जुलै २०१५ रोजी निकाल जाहीर झाला. जवळपास निम्म्या मतदारांनी मतदान केले व त्यांपैकी ६१.७ टक्क्यांनी नकार दिला. भुयारी मार्गाचा सर्वाधिक लाभ ज्यास व्हावयाचा होता, त्या व्हँकुवर शहरातही नकाराला निसटते बहुमत मिळाले.

निकालाचा अर्थ

या निकालास ‘लोकांना वाहतूक नको आहे’ असे वाचणे चुकीचे ठरेल. गर्दीने भरलेल्या बसमध्ये तेच लोक उभे होते. मतपत्रिकेवर ट्रान्सलिंकविषयी प्रश्न नव्हता, परंतु त्या संस्थेविषयी मत नोंदविण्याची दुसरी कोणतीही संधी मतदारास उपलब्ध नव्हती. जे मत निवडणुकीत व्यक्त व्हावयास हवे होते, ते कराच्या प्रश्नावर व्यक्त झाले. यास मतदाराचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. दोष असलाच तर तो रचनेचा आहे.

टोरोंटोचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरते. तेथे निवडणुकीची वाट खुली होती. २०१० मध्ये महापालिकेतील उधळपट्टी थांबविण्याची घोषणा देत रॉब फोर्ड महापौर झाले आणि डिसेंबरमध्ये ६० डॉलरचा वाहन नोंदणी कर रद्द झाला. पण २०११ मध्ये केपीएमजी या संस्थेकडून सेवांची छाननी करविली असता बहुतांश सेवा कायद्याने बंधनकारक वा अत्यावश्यक आढळल्या. जुलैअखेर ग्रंथालये व इतर सेवांवरील संभाव्य कपातीविरुद्ध नागरिक रात्रभर सभागृहात बोलत राहिले. ती बैठक सुमारे २२ तास चालली. ‘उधळपट्टी’स विरोध आणि ग्रंथालयास पाठिंबा ही दोन्ही मते एकाच शहराची होती.

मतकौलानंतर

मेट्रो व्हँकुवरमधील योजना नकारानंतर संपुष्टात आली नाही. २०१६ च्या संघीय अर्थसंकल्पात सार्वजनिक वाहतुकीसाठी निधीची तरतूद झाली आणि ब्रॉडवेचा मार्ग पुढे सरकला. सरे येथे ऑक्टोबर २०१८ च्या निवडणुकीत हलक्या रेल्वेस विरोध करणारे डग मॅकॅलम महापौर झाले. तो प्रकल्प थांबला व त्याऐवजी स्कायट्रेनचा विस्तार स्वीकारण्यात आला. येथे लोकमताला उमेदवार मिळाला होता. जुलै २०१९ मध्ये ट्रान्सलिंकसाठीचा इंधन कर लिटरमागे १७ सेंटवरून १८.५ सेंट करण्यात आला. त्यासाठी मतकौल घेण्यात आला नाही.