काशीचे घाट नावेतून पाहताना

काशीला गेलात तर तासभर नावेसाठी राखून ठेवा, तोही पहाटेचा. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि जुनं शहर तिच्या पश्चिम काठावर आहे. त्यामुळे उगवतीचं ऊन थेट घाटांवर पडतं.

मी अस्सी घाटावरून नाव ठरवली. वाटेत अहिल्याबाईंचा घाट लागला. पुढे शिंदे आणि भोसले घाट. परमुलखात आपलीच नावं!

त्याआधी मणिकर्णिका येतो. चिता जळत होत्या. मी मोबाईल वर केला, तर नावाडी हळूच म्हणाला, "भैया, रहने दीजिए." मी ओशाळलो. तिथे कुणाचं तरी आपलं माणूस असतं. हात जोडायचे आणि पुढे जायचं, एवढंच.