बायपासचे ग्राफ्ट किती वर्षे टिकतात?

पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाची बायपास बहुधा नागपुरात होते. घरी आल्यावर दोन-तीन महिने सगळे पथ्यपाणी नीट चालते. मग संत्र्याचा हंगाम येतो, लग्नसराई येते आणि ‘आता नवे पाइप टाकलेत, काळजी कशाची?’ म्हणत गोळ्या मागे पडतात. सकाळी आमच्यासोबत फिरायला येणाऱ्या एका भाऊंचे असेच झाले. आठ वर्षांनी चढावर छाती भरून येऊ लागली. अँजिओग्राफीत पायाच्या शिरेचे दोन्ही ग्राफ्ट बंद निघाले, छातीतल्या धमनीचा मात्र छान चालू होता. एकाच दिवशी, एकाच सर्जनने जोडलेले तीन ग्राफ्ट, मग असे का? आम्ही डॉक्टर नाही, पण विचारून-वाचून जे समजले ते सभासदांसाठी लिहीत आहोत.

पायाची शीर रक्त हृदयाकडे परत नेते. तिच्यात दाब अगदी कमी, भिंत पातळ. तीच काढून महाधमनी आणि हृदयाची धमनी यांच्यामध्ये जोडली की तिला एकाएकी धमनीचा पूर्ण दाब सोसावा लागतो. पहिल्या महिन्यात तिच्यात गुठळी होण्याची भीती असते. पुढे वर्षभरात आतले अस्तर जाड होत जाते आणि त्यानंतर त्यावर चरबीचा थर बसू लागतो. ढोबळ हिशेब असा की शंभरातले १० ते १५ असे ग्राफ्ट पहिल्या वर्षातच बंद पडतात आणि १० वर्षांनी निम्म्याच्या आसपास उघडे असतात.

छातीच्या हाडामागे डावीकडे एक धमनी असते, तिला डॉक्टर ‘लिमा’ म्हणतात. ती मुळात धमनीच, त्यामुळे दाबाची सवय असलेली. बहुतेक वेळा तिचे वरचे टोक जागीच ठेवून फक्त खालचे हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीला जोडतात. तिच्या अस्तरावर चरबीही सहसा बसत नाही. १० वर्षांनी असे शंभरातले ९० तरी चालू असतात. आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. खुंट कोणता यावर झाडाचे आयुष्य ठरते, हे बागायतदाराला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये डॉ. फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायाच्या शिरेची बायपास सुरू केली. लिमा लावलेले रुग्ण जास्त जगतात, हे तिथल्याच डॉक्टरांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. आपल्या देशातले ठळक उदाहरण डॉ. मनमोहन सिंग यांचे. पहिली बायपास १९९० मध्ये ब्रिटनमध्ये, २००४ मध्ये अँजिओप्लास्टी आणि जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये दुसरी बायपास. ती मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि पाच ग्राफ्ट घातले गेले. त्यानंतर ते जवळपास १६ वर्षे जगले.

म्हणजे ऑपरेशनने रक्ताला नवी वाट मिळते, धमन्यांचा मूळ आजार तसाच राहतो. अ‍ॅस्पिरिन गुठळीला अडवते, स्टॅटिन चरबीला. दुखत नाही म्हणून त्या बंद करायच्या नसतात. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. साखर आणि रक्तदाब ताब्यात हवेतच. आणि खर्रा! बायपासनंतर बिडी सोडून खर्रा धरलेले आमच्या ओळखीत आहेत. तंबाखू ती तंबाखूच.

आता कागदांचे, कारण बँकेत जन्म गेलेल्यांची नजर तिकडे जातेच. ऑपरेशनच्या नोंदीत कोणता ग्राफ्ट कुठून घेतला आणि कोणत्या धमनीला जोडला, हे लिहिलेले असते. भाऊंचे ते कागद घर रंगवताना रद्दीत गेले होते. त्यामुळे डॉक्टरांना एकेक ग्राफ्टचे तोंड शोधत बसावे लागले, वेळही गेला आणि डायही जास्त लागला. शेवटी त्यांच्या स्वतःच्याच एका धमनीत स्टेंट बसवून काम भागले. तुमच्या घरी कुणाची बायपास झाली असेल, तर ती नोंद आजच शोधा. सापडली नाही, तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज देऊन प्रत मागा, आणि तिचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्येही ठेवा.