मुलांनी पक्षी पाळावेत काय?

मे महिन्याची सुट्टी लागली, की आपल्या वस्त्यांतून मुलांचा एक हट्ट हमखास ऐकू येतो. कुणाला बोलका पोपट हवा असतो, कुणाला रंगीत लव्हबर्डची जोडी, तर कुणा मोठ्या मुलाला गच्चीवर कबुतरे पाळायची असतात. बाजारात पिंजऱ्यासकट जोडी मिळते. बाप म्हणतो, पोरगं उन्हात उंडारण्यापेक्षा घरात रमेल, घेऊन टाकू. आई मात्र गप्प असते, कारण पिंजरा शेवटी कुणाला धुवावा लागणार हे तिला ठाऊक असते. प्रश्न वरवर लहान दिसतो. पण तो आपल्या शीलाशी, देशाच्या कायद्याशी आणि घरातल्यांच्या तब्येतीशी जोडलेला आहे, म्हणून आम्ही तो पालकांपुढे मांडत आहोत.

मुलाला मुक्या जीवाची ओढ वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. त्यासाठी त्याला रागावू नये. परमपूज्य बाबासाहेबांच्या घरीसुद्धा कुत्रा होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेल्या कुटुंबाच्या छायाचित्रात बाबासाहेब, माता रमाई आणि यशवंतराव यांच्याबरोबर टोबी नावाचा कुत्राही आहे. हे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेव्हा प्राणी पाळणेच धम्माविरुद्ध आहे, असे कुणी म्हणू नये. पण कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहत आला आहे. दार उघडे असले तरी तो घर सोडून जात नाही. पोपटाला मात्र दार उघडे दिसले की तो उडून जातो, म्हणून तर त्याला पिंजरा लागतो.

सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट आपली मुले विहारात ऐकतात. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही ती सांगितली आहे. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला पक्षी सिद्धार्थाने वाचवला. देवदत्ताने त्यावर हक्क सांगितला, तेव्हा पंचांनी सिद्धार्थाच्या बाजूने निवाडा दिला. ही गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या मुलाला आपणच बाजारातून पकडलेला पोपट आणून दिला, तर त्याने गोष्टीतून काय घ्यावे? पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. तथागतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत जिवंत जिवांच्या खरेदी-विक्रीचाही व्यापार आहे. विकणारा एकटा व्यापार करू शकत नाही, त्याला घेणारा लागतो.

हा पोपट बाजारात येतो कसा, तेही मुलांना सांगावे. पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. पिल्लांना पुरते पंख फुटण्याआधीच ती ढोलीतून काढली जातात, टोपल्यांत, पिशव्यांत कोंबून शहरात आणली जातात. वाटेत कित्येक मरतात. जे जगतात त्यांचे पंख छाटले जातात. रस्त्यावर पोपटाकडून चिठ्ठी काढून भविष्य सांगणारा बसतो, त्याचा पोपटही असाच आलेला असतो. तिथे पैसे टाकणाऱ्याच्या हातून अंधश्रद्धाही पोसली जाते आणि पिंजराही.

पक्षी पकडणाऱ्याचा मात्र द्वेष करू नये. फासेपारध्यांसारख्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगल्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, तरी पुष्कळांच्या हाती ना जमीन आली ना शाळा. छापा पडतो तेव्हा कोठडीत जातो तो हा गरीब माणूस. पिंजरा दिवाणखान्यात टांगणारा बहुधा सुटतो. त्यांच्या मुलांना शिक्षण आणि रोजगार मिळावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि आपल्या घरातून पोपटाची मागणी होऊ नये, एवढे तर आजच आपल्या हातात आहे.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील पोपट, मैना, मुनिया या पक्ष्यांना संरक्षण आहे. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे, घरी बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंग व दंड अशी शिक्षा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची रक्कम वाढली. "आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून पोपट आहे, कुणी काही म्हणाले नाही", असे सांगणारे पुष्कळ भेटतील. कुणी म्हटले नाही म्हणून गोष्ट कायदेशीर होत नाही. संविधानाचा अभिमान बाळगणाऱ्या घराने तरी पळवाट शोधू नये. संविधानाच्या ५१-क कलमात जी मूलभूत कर्तव्ये आहेत, त्यांत वन्य जीवांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मग राहिले परदेशी पक्षी. बाजारात लव्हबर्ड म्हणून जे छोटे हिरवे-पिवळे-निळे पक्षी विकतात, ते बहुतेक वेळा मूळचे ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. पिंजऱ्यातच त्यांच्या अनेक पिढ्या गेल्या आहेत आणि ते पाळण्यास बंदी नाही. पण बंदी नाही म्हणजे जबाबदारी नाही, असे नव्हे. बजरीगर थव्याने राहणारा पक्षी आहे, एकटा ठेवला तर झुरतो. पिंजरा इतका रुंद हवा, की त्याला पंख पसरून इकडून तिकडे उडता येईल. रोज ताजे पाणी, राळ्यासारखे धान्य, थोडी कोथिंबीर किंवा पालक आणि चोच मारायला समुद्रफेस लागतो. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी.

आता आपल्या घराकडे पाहा. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच-सहा माणसे. टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असतो. त्याच खोलीत फोडणीचा धूर, मच्छरची कॉइल, अगरबत्ती. पक्ष्याची फुप्फुसे फार नाजूक असतात. फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेनेदेखील पक्षी मरतो. दुसरीकडे, त्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ माणसालाही बाधते. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांपासून माणसाला एक प्रकारचा ताप आणि खोकला होऊ शकतो. औषधाने तो बरा होतो, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना सांगावे लागते. कबुतरांच्या विष्ठेमुळे काहींना फुप्फुसाचा जुनाट आजार जडतो. घरात दम्याचे मूल, क्षयातून उठलेला माणूस किंवा तान्हे बाळ असेल, तर पक्षी आणूच नये.

वयाचाही विचार हवा. दहा वर्षांच्या आतील मुलाचा उत्साह महिनाभर टिकतो. नंतर पिंजरा आईच्या गळ्यात पडतो. पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माउलीवर आणखी एक काम लादणे योग्य नव्हे. बरेचदा आईनंतर ते घरातल्या मुलीच्या वाट्याला येते आणि भाऊ फक्त शीळ घालतो. मोठ्या मुलाची दहावी-बारावी येते, नंतर तो कामाला लागतो. बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो आणि पोपट तर वीस-पंचवीस वर्षेही. तेराव्या वर्षी आणलेला पक्षी मुलाच्या लग्नापर्यंत सोबत असू शकतो, याचा विचार किती जण करतात?

म्हणून आमचे मत स्वच्छ आहे. देशी पक्षी कुणीही पाळू नये. परदेशी पक्षी लहान मुलाच्या हट्टासाठी आणू नये. चौदा-पंधरा वर्षांचे मूल स्वतः दोन महिने रोज वेळेवर उठून घरातले एखादे काम न चुकता करून दाखवील, जागा आणि ऐपत असेल, आई मनापासून हो म्हणेल, तरच विचार करावा.

ज्यांच्या घरी आधीच पोपट आहे, त्यांनी हे वाचून रागाच्या भरात पिंजरा उघडू नये. वर्षानुवर्षे कोंडलेल्या पक्ष्याला दाणा शोधता येत नाही, कावळे आणि मांजरे त्याला संपवतात. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि ते सांगतील तसे करावे. जखमी पक्षी सापडला तर मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल जवळ आहे. पुण्य लागावे म्हणून पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा थायलंडसारख्या बौद्ध देशांत दिसते. आपल्याकडे बुद्ध पौर्णिमेला कुणी तिचे अनुकरण करू नये. सोडण्यासाठी विकायचे, तर आधी पकडावे लागतातच.

मग मुलाच्या हौसेचे काय करायचे? तिला खिडकीकडे वळवावे. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो मुलगा १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्या एका प्रश्नातून देशाचा पक्षिशास्त्रज्ञ घडला. सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता पक्ष्यांचा अभ्यास केला, मराठीला 'पक्षिकोश' दिला. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या मुलालाही एक वही द्यावी. वस्तीत कोणते पक्षी दिसले, केव्हा दिसले, काय खात होते, हे त्याने लिहावे. विहाराच्या बालसंस्कार वर्गात दर रविवारी पाच मिनिटे ते वाचून दाखवावे. विहाराच्या आवारात वड, उंबर किंवा करंज लावावा. त्याला पाणी घालायचे काम मुलांकडे द्यावे.

२० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. आपल्याला तो दिवस वेगळ्या कारणाने पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पशुपक्ष्यांना मोकळे असलेले ते पाणी आपल्या माणसांना बंद होते. त्या दिवशी मुलांना महाडचा इतिहास सांगावा आणि त्यांच्याच हातांनी मातीचे एक परळ पाण्याने भरून खिडकीत किंवा गच्चीवर ठेवावे. पाणी रोज बदलावे, परळ घासावे, म्हणजे डास होणार नाहीत. चार दिवसांत चिमणी, साळुंकी, बुलबुल येतील आणि पाणी पिऊन उडून जातील. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतील. पालकांनो, मुलाला पक्षी हवा असेल तर तो असा द्या.