डब्यावरचा आकडा आणि माळावरचा वारा

वायोमिंग किंवा साउथ डकोटाच्या माळरानावर प्रेअरी डॉग टिपायला जाणारे कित्येक अमेरिकी शिकारी आपली काडतुसं घरीच भरतात. वापरलेली पुंगळी, नवी टोपी, मोजून घातलेली दारू आणि वर बसवलेली गोळी. गोळी मात्र विकतची, आणि तिच्या माहितीत एक दशांश आकडा असतो. हॉर्नडी कंपनीच्या .224 इंच व्यासाच्या, 55 ग्रेनच्या व्ही-मॅक्स गोळीचा आकडा .255. हा तिचा बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे बी.सी. लोक तो परीक्षेच्या गुणांसारखा वाचतात, की जास्त गुणांची गोळी हुशार. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

बी.सी. फक्त हवेबद्दल बोलतो. एक पौंड वजनाचा, एक इंच व्यासाचा, ठरावीक आकाराचा नमुना धरून त्याला 1 हा आकडा दिलेला आहे. त्याच्या तुलनेत आपली गोळी हवेच्या अडथळ्याला कितपत पुरून उरते, एवढंच हा आकडा सांगतो.

गोळी जितकी जड तितका बी.सी. मोठा, असं सर्रास मानलं जातं. हे अर्धंच खरं आहे. व्ही-मॅक्सचीच 40 ग्रेनची गोळी दोन व्यासांत घेऊन बघा. .224 इंचात तिचा बी.सी. .200, तर .204 इंचात .275. वजन तेच, पण बारीक गोळी 55 ग्रेनवालीच्याही पुढे. कारण हिशेबात वजनाला व्यासाच्या वर्गानं भागायचं असतं, आणि निमुळतेपणाचा भाग त्यात वेगळा धरायचा असतो.

दुसरा समज जास्त महागात पडतो. मोठा बी.सी. म्हणजे गोळी सरळ जाणार, खाली पडणारच नाही! गुरुत्वाकर्षण बी.सी. विचारत नाही. गोळी किती खाली येईल हे ती किती वेळ हवेत राहते यावर ठरतं, आणि त्यात सुरुवातीच्या वेगाचा वाटा मोठा. .22-250 रायफलीतून 40 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 4,150 फुटांनी सुटते, 55 ग्रेनची सुमारे 3,680 फुटांनी. मी हिशेब मांडून पाहिला तेव्हा साधारण 350 यार्डांपर्यंत कमी बी.सी.वाली हलकी गोळीच वेगात पुढे राहिली. त्यानंतर 55 ग्रेनवालीचा वेग जास्त टिकतो आणि ती तिला हळूहळू गाठत जाते.

मग बी.सी.चा उपयोग कुठे? वाऱ्यात. ताशी 10 मैलांचा आडवा वारा असेल तर 300 यार्डांवर हलकी गोळी सुमारे 10 इंच सरकते, 55 ग्रेनची सुमारे 9. पुढे असूनही जास्त सरकते, हीच यातली गंमत. वारा गोळीला किती ढकलतो हे नुसत्या उड्डाणाच्या वेळेवर ठरत नाही, हवेनं तिचा किती वेळ खाल्ला यावर ठरतं. प्रेअरी डॉगचं अंग हातभरही नसतं. तिथं इंचाचा फरक म्हणजे बार फुकट.

नेमकेपणाशी तर बी.सी.चं नातं नाहीच. पाच गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसतात त्या नळी, गोळीची घडण आणि भरणाऱ्याचा हात यांमुळे. उलट उंच बी.सी.ची लांब गोळी जुन्या नळीत बिघडते. .22-250 च्या पारंपरिक नळ्यांत गोळी 14 इंचांत एक फेरा घेते. 75 ग्रेनच्या लांबोडक्या गोळीला 8 इंचांच्या आसपास एक फेरा लागतो. तो मिळाला नाही की ती हवेत डगमगते आणि कागदावर आडवं भोक पाडते. मग छापील बी.सी. कितीही असो.

छापील आकडा कायमचा, हेही खरं नाही. तो वेगागणिक बदलतो. म्हणूनच सिएरा कंपनी एकाच गोळीला वेगाच्या टप्प्यांनुसार वेगवेगळे आकडे देत आली आहे. शिवाय प्रचलित मोजपट्ट्या दोन आहेत. जी1 चा नमुना बुडाशी सपाट आणि आखूड, जी7 चा लांब आणि मागे निमुळता. हॉर्नडीच्या 75 ग्रेनच्या ईएलडी मॅच गोळीचा जी1 आकडा .467, जी7 आकडा .235. गोळी एकच. मोबाइलमधल्या गणकात जी7 च्या जागी जी1 चा आकडा भरला, तर ती आहे त्याहून दमदार ठरते. दोन कंपन्यांची तुलना करताना आधी हे अक्षर बघा.

आता सगळ्यात धोक्याचा समज. "वजन सारखं आहे ना, मग दारूही तेवढीच." शिसं तांब्याहून जड धातू. म्हणून त्याच वजनाची सबंध तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त खोल बसते, नळीला वेगळी घासते, आणि दाब बदलतो. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या चालत नाहीत. तिथं हा बदल अनेकांना करावाच लागला. बी.सी.चा आकडा या दाबाबद्दल अक्षरही सांगत नाही. गोळी बदललीत की त्याच गोळीसाठी छापलेल्या मार्गदर्शिकेतलं सुरुवातीचं, कमीत कमी माप काढा आणि तिथून पुन्हा चढत जा.