तीन हेझलनट आणि जर्मन नाताळ

फ्रांकफुर्टच्या उत्तरेला, टाउनुस डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले बाड हॉम्बुर्ग हे औषधी झऱ्यांचे गाव असून, त्याच्या नावातील ‘बाड’ म्हणजे स्नान हा शब्द त्या झऱ्यांचीच ओळख सांगतो. १८६६ पर्यंत हेसेन-हॉम्बुर्ग या छोट्या संस्थानाची गादी येथील राजवाड्यात होती आणि पुढे तोच वाडा जर्मन सम्राटांचे उन्हाळी निवासस्थान झाला. जर्मनीतील इतर गावांप्रमाणे येथेही नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला ‘ॲडव्हेंट’ म्हणतात आणि त्या दिवसांत गावोगावी बाजार भरतात. मात्र २४ डिसेंबरच्या दुपारी दुकाने बंद होतात, २५ आणि २६ हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टीचे असतात आणि सण रस्त्यावरून घरात येतो. घराघरांतील या निवांत दिवसांना काही ठरावीक चित्रपटांची सोबत असते, आणि त्यांतील सर्वांत लाडक्या चित्रपटांचा विषय बहुधा नाताळ नसतोच.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘सिंड्रेलासाठी तीन हेझलनट’ अशा अर्थाच्या नावाचा, व्हात्स्लाव वोर्लिचेक यांनी दिग्दर्शित केलेला १९७३चा चित्रपट. चेकोस्लोव्हाकिया आणि तत्कालीन पूर्व जर्मनी यांनी तो मिळून काढला. सिंड्रेलाची कथा जर्मन वाचकांना मुख्यतः ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातून माहीत आहे. हे बंधू बाड हॉम्बुर्गपासून फार दूर नसलेल्या हानाऊ गावी जन्मले. त्यांच्या कथेत आईच्या थडग्यावर हेझलची फांदी रुजते. चित्रपटाला मात्र चेक लेखिका बोझेना नेम्त्सोवा यांच्या कथेचा आधार असल्याने त्यात तीन जादूची फळे येतात आणि प्रत्येकातून एकेक पोशाख निघतो : पहिला शिकारीचा, दुसरा नृत्यसमारंभाचा आणि तिसरा लग्नाचा. लिबुशे शाफ्रान्कोवा यांनी साकारलेली नायिका घोडा दौडवते, नेमबाजीत राजपुत्राला मागे टाकते आणि सुटकेची वाट पाहत बसत नाही. पटकथाकार फ्रांतिशेक पाव्हलिचेक यांच्यावर राजकीय बंदी असल्यामुळे श्रेयनामावलीत दुसऱ्याच व्यक्तीचे नाव द्यावे लागले. चित्रीकरण उन्हाळ्यात करण्याचा मूळ बेत बदलून ते हिवाळ्यात झाले, आणि ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग वाड्याभोवतीच्या त्या बर्फानेच पुढे या परीकथेचे नाते नाताळाशी जोडले.

दुसरे उदाहरण ‘झिसी’ या चित्रत्रयीचे. अर्न्स्ट मारिश्का यांनी १९५५ ते १९५७ या काळात दिग्दर्शित केलेल्या या तीन चित्रपटांत रोमी श्नायडर यांनी ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ साकारली. या सम्राज्ञीचा जन्म १८३७ मध्ये नेमका २४ डिसेंबरचा, आणि १८९८च्या उन्हाळ्यात, म्हणजे जिनिव्हात तिची हत्या होण्यापूर्वी काही आठवडे, ती बाड हॉम्बुर्गच्या जवळच असलेल्या बाड नाउहाइम येथे उपचारांसाठी राहिली होती. महायुद्धाच्या ढिगाऱ्यातून नुकत्याच सावरणाऱ्या प्रेक्षकांना या चित्रपटांनी राजवाडे, डोंगर आणि प्रेमकथा यांचे सुरक्षित जग दिले.

१९८०चा ‘छोटा लॉर्ड’ हा ब्रिटिश चित्रपट त्या मानाने सणाच्या अधिक जवळचा आहे, कारण ॲलेक गिनेस यांनी रंगवलेल्या तुसड्या आजोबांचे मन नातवाच्या निरागसपणाने पालटते आणि कथेची सांगता नाताळच्या मेजवानीत होते.

हे चित्रपट परंपरा कसे झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी जर्मन दूरचित्रवाणीच्या रचनेत सापडते. ‘आ-एर-डे’ हा प्रादेशिक सार्वजनिक प्रसारण संस्थांचा १९५० साली स्थापन झालेला संघ असून, फ्रांकफुर्टची ‘हेसिशर रुंडफुंक’ ही त्याची एक घटक संस्था आहे. मुख्य वाहिनीबरोबरच प्रत्येक प्रदेशाची वाहिनीही आपापल्या वेळी तोच चित्रपट दाखवू शकत असल्याने, एकाच हंगामात तो अनेकदा लागतो आणि सकाळी हुकलेला संध्याकाळी सापडतो. अशा पुनरावृत्तीतून एका पिढीचे बालपण पुढच्या पिढीच्या हाती जाते. देश दुभंगलेला असताना तयार झालेली सिंड्रेला आज पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या घरांत सारख्याच आपुलकीने पाहिली जाते, ही या पुनरावृत्तीची मोठीच कमाई म्हटली पाहिजे.

मराठी वाचकाला हा अनुभव परका वाटू नये. १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ घरात पुन्हा लागतो तेव्हा पुढचा संवाद पडद्यावरच्या पात्राआधी बैठकीतूनच येतो. शेवट ठाऊक असल्याने गोडी कमी होत नाही, उलट सोबतीने पाहण्याचा आनंद वाढतो. कीर्तनात ऐकलेलेच आख्यान पुन्हा ऐकणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फ्रांकफुर्टच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांसाठी तर या चित्रपटांचे मोल आणखी आहे, कारण शेजाऱ्याच्या सणात शिरण्याचा तो एक सोपा दरवाजा आहे : भाषा अर्धीच कळत असली, तरी बर्फातून दौडणारा घोडा आणि फळातून निघणारा पोशाख समजण्यासाठी शब्दकोश लागत नाही.