विश्लेषण : मराठवाडा मुक्त झाला, पण स्त्रियांच्या वाट्याला काय आले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला अर्धापूरपासून लातूरपर्यंत गावोगाव ध्वजवंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. त्या नावांत स्त्रिया मोजक्याच असतात. १९४८ ची उलथापालथ आणि १९५६ ची राज्याची विभागणी त्यांनी कशी सोसली?

नेमके काय घडले होते?
दुसरे महायुद्ध संपल्यानंतर दोन वर्षांत ब्रिटिश भारतातून गेले. पण हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी विलीनीकरण नाकारले. संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावागावांत दहशत माजवली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

लढ्यात स्त्रिया कोठे होत्या?
पैनगंगेपलीकडचे उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर होते. अशा सरहद्दीवरच्या गावांत कार्यकर्त्यांचे कॅम्प चालत. कार्यकर्त्यांना भाकरी पुरवणे, निरोप पोचवणे, त्यांना घरात लपवणे ही कामे स्त्रियांनी केली. बदनापूर भागातील दगडाबाई शेळके यांनी तर हाती शस्त्र घेतले.

पोलीस कारवाईनंतर काय झाले?
रझाकारांच्या अत्याचारांचा सूड रझाकार नसलेल्या सामान्य मुस्लिमांवरही उगवला गेला. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदरसोबत नांदेडही होता. स्त्रियांवरील बलात्कार आणि अपहरणांची नोंद समितीने केली. जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. हा अहवाल अनेक दशके सर्वसामान्यांपासून दूर राहिला.

१९५६ मध्ये काय बदलले?
१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. नांदेडचा मुधोळ, भैंसा भाग आदिलाबादकडे गेला, तर आदिलाबादचा किनवट नांदेडला मिळाला. सोयरिकी मात्र जुन्याच होत्या. काही जणींचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात गेले. शाळेची आणि कचेरीची भाषाही वेगवेगळी झाली.

मग नोंदी का नाहीत?
स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी तुरुंगवासाचा किंवा भूमिगत राहिल्याचा पुरावा लागतो. केंद्राच्या योजनेत तुरुंगवासाची अट पुरुषांना सहा महिन्यांची, तर स्त्रियांना तीन महिन्यांची आहे. पण रात्री दहा जणांच्या भाकरी थापल्याचा कागद कोण देणार? अत्याचार झालेल्या स्त्रियांची अडचण याहून मोठी होती. घराण्याच्या अब्रूपायी त्या बोलूच शकल्या नाहीत. मग त्या हिंदू असोत वा मुस्लिम.

आता काय करता येईल?
१९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. गावातील शाळा, महाविद्यालये आणि ग्रामपंचायतींनी अशा आजींच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, तरी पुष्कळ काही हाती लागेल. एकच अट हवी : कोणाच्या आजीने काय सोसले, हे तिचा धर्म पाहून गाळू नये.